मसाई पठारावरून मागं फिरलो त्याची गोष्ट

जुलै लागला की कोल्हापुरात ओळखीतलं कुणी ना कुणी पन्हाळा ते पावनखिंड निघालेलं असतंच. १२ जुलै १६६० च्या रात्री महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून विशाळगडाकडं गेले, ती वाट. माझा दादा या वाटेचा जुना वारकरी. यंदा त्याच्या भाचीनं, म्हणजे माझ्या सहा वर्षांच्या लेकीनं, "मामासंगं मी पण" म्हणून घर डोक्यावर घेतलं. अख्खी वाट तिच्या आवाक्यातली नाही, मोठी माणसंसुद्धा ती साधारण दोन दिवसांत करतात. म्हणून बेत छोटा ठेवला. पन्हाळ्यावरून म्हाळुंगे, तिथून वर मसाई पठार, मसाईच्या देवळात नारळ, आणि माघारी. दादा, त्याचे दोन मित्र, मी आणि ती.

निघतानाच मी सांगून ठेवलं होतं, अकरा वाजता जिथं असू तिथून परत. दादाला हसू आलं. "देऊळ समोर दिसत असलं तरी?" तरी, म्हटलं. जाताना पोरं हौसेवर चालतात, येताना नुसत्या पायांवर, आणि उतरंडीला ती चढापेक्षा जास्त घसरतात.

राजदिंडीतून, म्हणजे गडाच्या चोरवाटेनं, खाली उतरेपर्यंत हिच्या तोंडाला दम नव्हता. शिवा काशीदांची गोष्ट गाडीतच सांगून झाली होती, त्यामुळं प्रश्न तयारच. त्यांना दाढी कुणी चिकटवली? सिद्दीला कळलं कसं न्हाई? आणि मग म्हाळुंग्याजवळच्या चिखलात बूट रुतल्यावर, "महाराज पालखीतनं गेले न्हवं? मग मीच का चालायलोय?" मित्रांनी तिला तिथल्या तिथं मुजरा केला.

चढ तिनं न कुरकुरता काढला. पठारावर पाय ठेवला आणि वाऱ्यानं आम्हाला गाठलं. मसाई पठार म्हणजे जांभ्याचा लांबच लांब सपाट कातळ, वर गवत, आडोशाला झाड म्हणावं असं जवळपास काही नाही. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो आणि आमचं तोंडही पश्चिमेलाच, त्यामुळं पाऊस सरळ चेहऱ्यावर. त्यात धुकं. पुढं गेलेला मित्र बघता बघता दिसेनासा व्हायचा, हाक मारली की धुक्यातून "हां, ये की" एवढंच. गुरांच्या पायवाटा चहूकडं फुटलेल्या, त्यातली देवळाची कुठली हे रोजच्या माणसालाच कळावं. बाकी सगळे मजेत होते. खरं सांगायचं तर मलाही बरं वाटत होतं.

माझ्या लक्षात आलं ते एवढंच, की बऱ्याच वेळात प्रश्न आलेला नाही.

"थंडी वाजते का गं?" विचारलं तर मान हलवली, नाही. लहान मुलं थंडी वाजते असं धडपणे सांगत नाहीत, गप्प होतात. रेनकोटच्या गळ्यातून पाणी आत जाऊन सुती झंपर अंगाला चिकटला होता. ओठांचा रंग उतरलेला. बोटं गारठलीत का ते बघायला मी म्हटलं, अंगठा करंगळीला टेकवून दाखव. तिनं बोटांकडं बघितलं, प्रयत्न केला, जमलं नाही. घड्याळात अकरा वाजायला अवकाश होता. मी म्हटलं, आपण मागं फिरायचं.

दादा म्हणाला, "अगं, देऊळ आलंच की, तिथं आडोसा हाय." हे तसं खोटं नव्हतं. पण देवळापर्यंत वारा तोंडावर, आणि तिथून परत यायचं म्हणजे तेवढंच अंतर जादा, ओल्या पोरीला घेऊन. माघारी वळलं की निदान वारा पाठीशी. एक मित्र म्हणाला, "ताई, मी उचलून घेतो, चला पुढं." त्यालाही नको म्हटलं. उचललेलं मूल हलत नाही, आणि हललं नाही तर अंगात ऊब तयार होत नाही. शिवाय निसरड्या कातळावर तो पडला तर दोघंही पडणार. मित्र वाटेचे जाणकार होते, ते दोघं मिळून पुढं गेले. दादा आमच्याबरोबर थांबला, थोडा घुश्शातच.

आधी कपडे. रचलेल्या दगडांचा एक बुटका बांध होता, त्याच्या आडाला आम्ही वाऱ्याकडं पाठ करून बसलो आणि मधे तिला उभं केलं. झंपर, लेगिंग, मोजे, सगळं उतरवलं. इतक्या वाऱ्यात पोराचे कपडे काढायला हात धजत नाही, पण ओला कापूस अंगावर ठेवणं त्याहून वाईट. मोठ्या माणसापेक्षा लहान मुलाच्या अंगातली उष्णता भराभर जाते, वजनाच्या मानानं कातडी जास्त असते म्हणून. कोरडी बनियन, लोकरी स्वेटर, कानटोपी, वर रेनकोट. बूट ओलेच होते, म्हणून कोरड्या मोज्यांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवून पाय आत सारले. थर्मासमधलं गोड दूध घोट घोट, मग शेंगदाण्याचा लाडू. दादानं तिचे हात आपल्या काखेत धरून ठेवले. घुस्सा तेवढ्यात गेला असावा.

परतीला आलो ती पायवाट घेतली नाही. चढताना जिथं हात टेकावे लागले होते तिथून पोरगी उतरवायची माझी तयारी नव्हती. पठारावर गाड्या येतात तो रस्ता लांबचा, पण धुक्यात चुकायची भीती कमी आणि घसरणही कमी. तिथपर्यंत पोचायला पठारावर चालताना काढलेले फोटो कामी आले. मी अधूनमधून मागं वळून, येताना दिसेल त्या बाजूनं काढून ठेवले होते. एक गुराखी खोळ पांघरून उभा होता, त्यानं काठीनं दिशा दाखवली आणि पोरीकडं बघून म्हणाला, "बरं केलासा. वर लई वारं हाय."

रस्त्याला लागल्यावर तिला चालवतच नेलं. मामानं घोषणा द्यायच्या, तिनं ओरडून जय म्हणायचं. पहिल्या काही "जय" कुजबुजल्यासारख्या. उतार निम्मा झाला असेल, तेव्हा तिनं विचारलं, "सिद्दीचं सैन्य ह्याच रस्त्यानं आलं असंल?" दादानं माझ्याकडं बघितलं आणि काही न बोलता तिची सॅकही आपल्या खांद्यावर घेतली. अंगठा करंगळीला टेकायला लागला होता. तरी गाडीत बसेपर्यंत मी दर थोड्या वेळानं बघत राहिले.

मित्रांनी संध्याकाळी देवळाचा फोटो पाठवला. पांढरं धुकं आणि त्यात एक करडी रेघ, तीच पायरी म्हणे. दादा अजून म्हणतो, दहा मिनिटं राहिली होती फक्त. असतील. पावसाळा सरल्यावर तो तिला परत नेणार आहे. स्वेटर मीच भरणार, आणि या खेपेला बुटांचाही दुसरा जोड.