विम्बल्डन नको, आमच्या गावचा क्लब दाखवते

इंग्लंडात राहते म्हणजे दर वर्षी विम्बल्डनला जात असणार, असं माझ्या पुण्यातल्या तमाम नातेवाइकांनी परस्पर ठरवून टाकलंय. मी राहते श्रूजबरीत. वेल्सच्या सीमेजवळचं, सेव्हर्न नदीच्या वळशात वसलेलं गाव, डार्विनचं जन्मगाव. लंडन इथून चांगलंच लांब. त्यामुळे विम्बल्डन मी तुमच्यासारखंच टीव्हीवर बघते. पण टेनिस प्रत्यक्ष बघायचं तर आमच्या गावच्या क्लबात जाते. बाहेर पावसाची रिपरिप चालू असते आणि आत इनडोअर कोर्टावर बायकांची व्यावसायिक स्पर्धा.

२०२२ च्या ऑक्टोबरात इथे चेक प्रजासत्ताकाची मार्केटा वोंद्रोउशोवा खेळून गेली. मनगटाच्या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा हात बसवायला आलेली. फायनलला जर्मनीच्या इव्हा लिसला हरवून तिने करंडक घेतला, आणि पुढच्या जुलैत थेट विम्बल्डन जिंकलं. मानांकन नसताना विम्बल्डन जिंकणारी ओपन युगातली, म्हणजे १९६८ मध्ये व्यावसायिकांना प्रवेश खुला झाल्यापासूनची, पहिली बाई. तेव्हापासून गावातली निम्मी माणसं 'आम्ही तिला तेव्हाच पाहिली होती' म्हणून सांगतात. त्यातली खरी किती, देव जाणे.

या स्पर्धा आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, म्हणजे आयटीएफच्या. नावं अगदी कोरडी: डब्ल्यू १५, ३५, ५०, ७५, १००. २०२४ पासून हा आकडा म्हणजे विजेतीला मिळणारे रँकिंगचे गुण. सगळ्यात खालच्या पायरीवर सगळ्या खेळाडूंत मिळून १५ हजार डॉलरची थैली, वरच्या पायरीवर एक लाख डॉलरची. ब्रिटनमध्ये या स्पर्धा शेफिल्ड, संडरलँड, ग्लासगो, लफबरो, नॉटिंगहॅम अशा गावांतून भरतात. टीव्हीवर काही दिसत नाही. वर्तमानपत्रात आलंच तर स्थानिक पानावर.

सुरुवातीच्या दिवसांचे सामने बघायला मला अजून तिकीट काढावं लागलेलं नाही. खुर्चीवर बसलं की खेळाडूच्या बुटांची करकर, श्वास, स्वतःशीच पुटपुटणं, सगळं ऐकू येतं. खालच्या स्पर्धांत बॉल उचलून द्यायला पोरं नसतात. पॉइंट हरला की हरलेलीच जाऊन जाळीपाशी पडलेला चेंडू आणते, आणि त्या दहा-बारा पावलांत तिचा चेहरा वाचायला मिळतो. टीव्हीवर नेमका तेव्हाच रिप्ले लावतात. मागे एकीने टायब्रेक घालवला. सामना संपल्यावर टॉवेल डोक्यावर घेऊन रडत बसेल असं वाटलं होतं. ती उठली, रॅकेटला तार लावणाऱ्याच्या टेबलाशी गेली, पाकिटातून नोटा मोजून दिल्या आणि सुटे परत मिळेपर्यंत तिथेच उभी राहिली. मग कोपऱ्यात बसून डब्यातला गार पास्ता खाता खाता फोनवर ट्रेनच्या वेळा बघायला लागली. कोच नाही, फिजिओ नाही, आईबाप नाहीत.

त्या नोटांचा हिशेब मी घरी येऊन करून पाहिला. डब्ल्यू १५ च्या पहिल्या फेरीत हरलं की हातात दीडशे डॉलरच्या आसपास पडतात. प्रवास, खोली, जेवण, प्रवेशशुल्क, तारा हे सगळं त्यातून. आठवडाभर पाच सामने जिंकून करंडक घेतला तरी अडीच हजार डॉलर होत नाहीत. महासंघाने स्वतःच केलेल्या पाहणीत, वर्षाला व्यावसायिक स्पर्धा खेळणाऱ्या सुमारे १४ हजार स्त्री-पुरुषांपैकी जवळजवळ निम्म्यांची बक्षिसाची कमाई शून्य निघाली. २०१३ च्या आकड्यांवरून बायकांमध्ये खर्च जेमतेम भरून निघायचा तो जगात अडीचशेव्या क्रमांकाच्या आसपास, आणि त्यात कोचचा पगार धरलेलाच नव्हता. कुठल्याही धंद्यात जगात अडीचशेवी असलेली बाई बंगला बांधून बसलेली असते.

ब्रिटिश मुलींचं नशीब त्यातल्या त्यात बरं. विम्बल्डनच्या नफ्याचा मोठा हिस्सा इथल्या टेनिस संघटनेकडे जातो आणि त्यातून घरच्या गावांत स्पर्धा भरतात, म्हणजे विमानाचं तिकीट वाचतं. तरी तेवढ्यावर भागत नाही. ब्रायटनची सोनाय कार्टल वर्षानुवर्षं ट्युनिशियातल्या मोनास्तिरला जाऊन छोट्या स्पर्धा खेळायची. २०२४ ला विम्बल्डनची पात्रता फेरी खेळायला उतरली तेव्हा २९८ व्या क्रमांकावर होती. तिथून मुख्य स्पर्धेत शिरली आणि तिसऱ्या फेरीपर्यंत पोचली. त्याच सप्टेंबरात पहिली डब्ल्यूटीए, म्हणजे आयटीएफच्या वरच्या थरातली, स्पर्धा जिंकली, तीही मोनास्तिरलाच! पुढच्या वर्षी विम्बल्डनच्या चौथ्या फेरीत होती. ब्रॅडफर्डची फ्रान्सेस्का जोन्स जन्मतःच प्रत्येक हाताला अंगठा धरून चार बोटं घेऊन आली. लहानपणी डॉक्टरांनी टेनिस जमणार नाही असं सांगितलेलं. तीही याच पायऱ्या चढत २०२५ मध्ये पहिल्या शंभरात आली.

२०१७ मध्ये संडरलँडला ब्रिटनची टारा मूर ०-६, ०-५, ३०-४० अशी मागे होती. समोरच्या जेसिका पाँशेला फक्त एक पॉइंट हवा होता. मूरने तो सामना जिंकला. विम्बल्डनच्या सेंटर कोर्टावर हे झालं असतं तर आपण नातवंडांना गोष्ट सांगितली असती.

प्रेक्षक मोजके म्हणून बघणारेही मोजके असं मात्र नाही. खुर्चीवरचा पंच हातातल्या टॅबवर प्रत्येक पॉइंट टिपत असतो आणि तो आकडा सट्टा घेणाऱ्यांपर्यंत पोचतो. गेल्या दशकात या स्पर्धांचा थेट स्कोअर विकण्याचा महासंघाचा पाच वर्षांचा करार ७ कोटी डॉलरचा होता. मुलीला मिळणार दीडशे डॉलर, आणि तिच्या दोन्ही सर्व्हिस चुकतील यावर कुठल्या तरी देशातला अनोळखी माणूस त्याहून जास्त लावून बसलेला. पैसे बुडाले की तो तिला शिव्या पाठवतो, कधी जिवे मारण्याच्या धमक्या. केटी बोल्टरने २०२५ मध्ये याबद्दल जाहीरपणे बोलून टाकलं. ती तर तेव्हा ब्रिटनच्या अव्वल खेळाडूंपैकी एक. खालच्या पायरीवरच्या पोरीचं ऐकायला पत्रकारही नसतो.

क्लबात माझ्या शेजारी बसणारे एक निवृत्त काका आहेत. विम्बल्डनच्या वाइल्डकार्डवरून, म्हणजे रँकिंग पुरेसं नसताना आयोजक देतात त्या थेट प्रवेशावरून, आमचं दर वर्षी वाजतं. त्यांचं म्हणणं, पहिल्या फेरीत हरणाऱ्या ब्रिटिश मुलींना फुकटचा प्रवेश कशाला. २०२५ मध्ये पहिल्या फेरीतल्या पराभवाचे ६६ हजार पौंड होते. मी म्हणते, त्या एका धनादेशावर एखादीचं पुढचं वर्षभर कोच आणि विमानं भागतात. काकांचं उत्तर असं की मग तसं सरळ अनुदान द्या, खेळाच्या नावाखाली कशाला. त्यांचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही, पण त्यांच्यासमोर मी हे कबूल करणार नाही.

आणि आता पुणेकरांसाठी. डिसेंबर २०१९ मध्ये पुण्यात २५ हजार डॉलरची अशीच एक आयटीएफ स्पर्धा झाली. फायनल दोन ब्रिटिश मुलींमध्ये. हरली नैक्ता बेन्स. जिंकली एक सतरा वर्षांची शाळकरी मुलगी, एमा राडुकानू. दोन वर्षांच्या आत ती पात्रता फेरीपासून दहा सामने एकही सेट न गमावता खेळली आणि अमेरिकन ओपन जिंकून २५ लाख डॉलर घेऊन गेली. ही गोष्ट मी मावशीला सांगितली तेव्हा ती माझ्यावरच चिडली, "अगं, मग आम्हाला कुणी सांगितलं कसं नाही?"

म्हणून आता महाराष्ट्रात कुठे बायकांची आयटीएफ लागली की मी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ड्रॉ, म्हणजे कोण कुणाशी खेळणार त्याची यादी, टाकते. सोलापूर असो, नवी मुंबई असो. मागच्या खेपेला मावशीचं उत्तर आलं, "यात कुणी ओळखीचं आहे का गं?"