मामा, परदेशात कंपनी काढूया?

मराठा लाइट इन्फंट्रीतून 17 वर्षांनी खानापूरला परतलो, तेव्हा मिळाली ती कारखान्याच्या गेटवरची नोकरी. त्यामुळं फौजेतून नुकत्याच सुटलेल्या भाच्यानं सिक्युरिटी कंपनीचा विषय काढला, तेव्हा रात्रभर झोप लागली नाही.

1989 मध्ये ईबेन बार्लो या दक्षिण आफ्रिकी माजी सैनिकानं एक्झिक्युटिव्ह आउटकम्स ही पैसे घेऊन लढणारी खासगी कंपनी काढली. त्याची माणसं अंगोलात लढली, 1995 मध्ये सिएरा लिओनमध्येही. बंडखोर मागं हटले, हे खरंच. पण 1998 मध्ये बार्लोच्याच देशानं अशा कामावर कायद्यानं बंधनं घातली.

आपल्याकडेही सिक्युरिटी कंपनीला 2005 च्या कायद्यानं परवाना लागतो. परदेशात पहारा द्यायचा तर वेगळी परवानगी, तीही केंद्राशी सल्लामसलत झाल्यावरच.

भाच्याला म्हटलं, "बाळा, तिकडं आपला गडी पडला तर त्याच्या घरी पैसे कोण पोचवणार, ते आधी कागदावर लिही."