माळवदाचं घर आणि सात सह्या

उत्तर कसब्यातलं हे घर मला शाळेतल्या मित्रामुळे कळलं. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला सोलापूरला गेलो होतो, नंदीध्वज बघून परत येताना तो सहज म्हणाला, "आजोबांचं, आमच्या आबांचं घर विकायला काढायचंय, तूच घे की." साडेचौदाशे स्क्वेअर फूट जागा, दगडमातीच्या भिंती, वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, पुढे एक दुकान, आणि सांगितलेला भाव 34 लाख. पुण्यात एवढ्यात धड वन बीएचके येत नाही, त्यामुळे माझी झोपच उडाली, बायको म्हणाली आधी कागद बघ मग उड.

मालक किती विचारलं तर मित्र म्हणाला तिघं. तो, त्याची आई आणि काका.

प्रॉपर्टी कार्ड काढलं तर त्यावर अजून आबांचंच नाव. आबा 1983 ला गेले, त्यानंतर वारस नोंदच झालेली नाही, म्हणजे दोन पिढ्यांचं काम एकदम करायचं. वकिलांनी समोर बसवून वंशावळ लिहून घेतली आणि तिघांचे सात झाले! मित्राचे वडील गेलेले, म्हणून त्यांच्या बाजूने आई, मित्र, मित्राची बहीण, आणि वारलेल्या थोरल्या भावाची बायको आणि मुलगा. शिवाय काका. आणि विजापूरला दिलेली आत्या, जिचं नाव तोपर्यंत कुणी काढलंच नव्हतं.

आत्याचा विषय निघाला की काका चिडायचे. तिचं लग्नात सगळं केलंय, आणि मुलींच्या हक्काचा कायदा 2005 चा, आबा तर 83 ला गेले, मग तिचा काय संबंध. मलाही आधी ते पटलं होतं, खोटं कशाला बोलू. पण वकिलांनी आबांचं 1951 चं खरेदीखत पुढे ठेवलं. घर वडिलोपार्जित नाहीच, आबांनी स्वतः विकत घेतलंय, मृत्युपत्र केलेलं नाही, आजी त्यांच्या आधीच गेलेल्या, म्हणजे 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानेच मुलगा-मुलगी सारखे. 2005 ची दुरुस्ती आणि 2020 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल हे वडिलोपार्जित मिळकतीतल्या जन्मतः हक्काबद्दल, इथे ते लागतच नाही. तीन मुलं, तीन सारखे हिस्से, आत्याचा सरळ एक तृतीयांश, आणि माझ्या मित्राच्या वाट्याला त्याच्या बाजूच्या तिसऱ्या हिश्शाचा चौथा भाग, म्हणजे एकूण बारावा. त्या दिवशी तो चहा न पिता उठून गेला.

मधल्या काळात एक एजंट भेटला. त्याचं म्हणणं, काकांचा एकट्याचा हिस्सा स्वस्तात घेऊन टाका, मग बाकीचे आपोआप लायनीवर येतात. वकील हसले. राहत्या घरातला अविभक्त हिस्सा बाहेरच्याने घेतला तर बाकीच्यांबरोबर एकत्र ताबा मागता येत नाही, मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 44. वाटपाचा दावा लावायचा, त्यातही घरचेच लोक तुमचा हिस्सा कोर्टाने ठरवलेल्या किमतीत विकत मागू शकतात. म्हणजे पैसे अडकवून वर्षानुवर्षं तारखा. नको ते.

विजापूरला मी आणि मित्र दोघं गेलो. काकांना वाटत होतं आत्या हक्कसोडपत्र करून देईल, मित्रालाही तीच आशा. आत्यांनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी वाढली आणि शांतपणे म्हणाल्या, "मला नको असं मी कधी म्हणाले? मला कुणी विचारलंच नाही." बस, विषय संपला. येताना गाडीत मित्र बराच वेळ काही बोलला नाही.

मग थांबणं. थोरल्या भावाचा मुलगा सतरा वर्षांचा, अज्ञानाचा, म्हणजे अल्पवयीनाचा हिस्सा विकायचा तर कोर्टाची परवानगी काढा नाहीतर तो अठराचा होऊ द्या असं वकील म्हणाले, आम्ही त्याचा वाढदिवस होईपर्यंत थांबलो. तेवढ्यात मृत्यूचे दाखले, प्रतिज्ञापत्रं, वारस नोंद, मिळकतीच्या तीस वर्षांच्या नोंदींचा सर्च असं सगळं चालू होतं. घरपट्टी थकलेली, त्यावर महिन्याला दोन टक्के शास्ती, ती त्यांनी मी आगाऊ दिलेल्या टोकनमधून भरली.

पेपरात जाहीर नोटीस दिली आणि बाराव्या दिवशी हरकत आली. पुढच्या दुकानातले शिंपीकाका. 1978 पासूनच्या पावत्या घेऊन आले, भाडं महिना 80 रुपये. भाडे नियंत्रण कायद्यातला भाडेकरू, त्याला असा हलवता येत नाही, आणि मला हलवायचाही नव्हता. भाव 34 चा 31 केला आणि त्यांना तसंच ठेवलं.

लोनचं मात्र पार फसलं. बँकेचा माणूस येऊन माळवदावर दोन उड्या मारून गेला आणि या बांधकामावर लोन होत नाही म्हणाला, शेवटी पुण्याच्या फ्लॅटवर टॉप-अप काढला. हे आधी विचारलं असतं तर टोकन द्यायच्या वेळी पोटात गोळा आला नसता.

रजिस्ट्रेशन पुढच्या वर्षी, परत गड्ड्याच्याच सुमारास ठेवलं, कारण हे सातही जण सोलापुरात एकत्र सापडतात ते तेव्हाच. खरेदी बायकोच्या एकटीच्या नावावर, म्हणून स्टॅम्प ड्युटी सहाऐवजी पाच टक्के, 1 लाख 55 हजार, आणि नोंदणी फी 30 हजार. प्रत्येकाच्या हिश्शाचा वेगळा डीडी, प्रत्येक डीडीचा नंबर दस्तात लिहिलेला, याच्यावर मी अडून बसलो होतो, एकाच्या खात्यात सगळे टाका आम्ही बघतो आमचं हे काकांचं म्हणणं ऐकलं असतं तर आत्यांना काय मिळालं असतं देव जाणे. आत्यांनी अंगठा मशीनवर ठेवला तर चार वेळा ठसा येईना, काका बाजूला उभे राहून घामाघूम.

आता हिशेब. माळवद उतरवून स्लॅब, वायरिंग, बाथरूम धरून एकूण 39 लाखांपर्यंत गेलो. मागच्या दोन खोल्यांत चार विद्यार्थी राहतात, त्यांचे 11 हजार, आणि शिंपीकाकांचे 80. वर्षाला साडेतीन टक्केसुद्धा पडत नाहीत, एफडी बरी असं सासरे दर दिवाळीला ऐकवतात. जागेचा भाव वाढेल म्हणून घेतलंय, वाढला तर वाढला.

प्रॉपर्टी कार्डवर बायकोचं नाव लागलं. लाइटबिल अजून आबांच्याच नावाने येतंय, अर्ज माझ्याच बॅगेत पडून आहे.