बोरन्हाणातला गाजराचा तुकडा

आमची चिनू १४ महिन्यांची होती तेव्हाची संक्रांत. बोरन्हाण लातूरलाच, घरच्या घरी केलं, गल्लीतली दहाबारा लेकरं बोलावली. आत्यांनी (सासूबाईंना मी आत्याच म्हणते) बोरं, उसाची कांडकी, ढाळ्याचे (हिरव्या हरभऱ्याचे) घाटे, शेंगा, चुरमुरे, काटेरी हलवा आणि गाजराचे तुकडे असं सगळं सुपात कालवून ठेवलेलं. डोक्यावरून ओतलं की लेकरांची लुटायची गडबड सुरू, आम्ही मोठे सगळे फोटोत, आणि चिनूनं पाटावर पडलेला गाजराचा तुकडा उचलून तोंडात घातला. मी बघितलं होतं हो. पण वरचे चार खालचे चार दात आलेले, मला वाटलं कुरतडत बसेल.

तिनं कचकन चावा घेतला आणि दुसऱ्याच क्षणी डोळे मोठे, तोंड लालबुंद, खोकायला लागली. कुणी म्हणतंय पाणी पाजा, कुणी म्हणतंय वर बघायला लावा, एका काकूंनी तर सरळ तोंडात बोट घातलं. नशीब खोकता खोकता तिनेच तुकडा बाहेर टाकला, बोटाच्या पेराएवढा होता. सगळं मिळून अर्धा मिनिट असेल. माझे हात संध्याकाळपर्यंत थरथरत होते.

दुसऱ्या दिवशी लेकरांच्या डॉक्टरांकडे गेले. तिला काही झालं नव्हतं, पण मला नीट समजून घ्यायचं होतं, आणि त्यांनीही वेळ देऊन सांगितलं. पुढचे दात तुकडा तोडतात, दळायचं काम दाढांचं, आणि पहिल्या दाढा साधारण सव्वा ते दीड वर्षात येतात, त्यामागच्या दोन ते पावणेतीन वर्षांत. म्हणजे मधल्या काळात लेकरू कडक गाजराचा तुकडा तोडू शकतं पण बारीक करू शकत नाही, तो तसाच घशाकडे जातो. बिस्किट लाळेनं विरघळतं, गाजर सफरचंद विरघळत नाही. आणि एवढ्या लेकराची श्वासनळी शरबत प्यायच्या नळीएवढीच असते. म्हणून कच्चं कडक फळ-भाजी ४ वर्षांपर्यंत तुकड्यात द्यायचीच नाही, रूप बदलून द्यायची. दाढा आल्या म्हणजे लगेच जमतं असंही नाही, चावायला शिकायला आणखी वेळ लागतो.

दुसरं त्यांनी सांगितलं ते मी घरातल्या प्रत्येकाला बसवून सांगितलं. लेकरू खोकतंय, आवाज येतोय, रडतंय तोवर त्याला खोकू द्यायचं, हात घालायचा नाही, पाणी नाही. तोंडात आंधळेपणानं बोट घातलं तर तुकडा आणखी आत जातो. पण आवाजच बंद झाला, खोकता येईना, ओठ निळे पडायला लागले तर मात्र एक सेकंद थांबायचं नाही. पुढं वाकवून दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेनं ५ जोरात थापा, नाही निघालं तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर मूठ ठेवून आत आणि वरच्या दिशेनं ५ दाब, परत थापा, परत दाब, आणि दुसऱ्या माणसानं तोवर १०८ ला फोन लावायचा. वर्षाच्या आतल्या बाळाचं पोट दाबायचं नाही, त्याला हातावर पालथं धरून ५ थापा आणि मग उताणं करून छातीच्या मधोमध ५ दाब. हे मी ह्यांना आणि आत्यांना उशीवर करून दाखवायला लावलं. आत्या आधी नको म्हणल्या, मग दोनदा केलं.

मग सुरू झालं खरं काम. गाजर मी बंद नाही केलं, आमच्याकडं हिवाळ्यात दारावर ढिगानं येतं, ते लेकराला का नको. आधी वाफवायचं, दोन बोटांत दाबलं की चेपलं पाहिजे, नाही चेपलं तर परत कुकरला. सफरचंदही तसंच, नाहीतर किसून. किसलेलं सफरचंद काळं पडतं म्हणून ती खायला बसली की मगच किसायचे. काकडी, मुळा किसून दह्यात, कोशिंबिरीत दाण्याचं कूट एकदम बारीक, अख्खा दाणा नाही. पेरू पिकलेलाच, मधला बियांचा भाग चमच्यानं काढून. द्राक्षं कडक नसतात पण गोल असतात, घशात बूच बसल्यासारखी अडकतात, म्हणून उभी चिरून चार फोडी. हिरवा हरभरा सोलून ठेचून भाकरीच्या काल्यात. बोरं मी दिलीच नाहीत.

आत्यांचं म्हणणं होतं, "आमची पोरं रानात बसून गाजरं खातच मोठी झाली की गं, तू लईच भ्यायलीस." मी वाद नाही घातला. एक दिवस चिनूचं तोंड उघडून त्यांना दाखवलं, आत्या, मागं हात फिरवून बघा, दाढ आहे का. त्यांनी फिरवलं, काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवसापासून किसणी त्यांच्याच हातात. पुढच्या वर्षीच्या बोरन्हाणात सुपात फक्त चुरमुरे आणि शेवंतीच्या पाकळ्या होत्या, बाकीचं सगळं मोठ्या पोरांना पिशवीत वेगळं दिलं, हे त्यांनीच ठरवलं.

दोन वर्षांची झाल्यावर मागच्या दाढा यायला लागल्या तेव्हा सालकाढणीनं गाजराच्या कागदासारख्या पातळ पट्ट्या काढून द्यायला लागले. ह्याच काळात चावायला शिकवलं. मी समोर बसून गाय रवंथ करते तसं तोंड हलवायचे, कर्रकर्र आवाज काढायचे, ती बघून तसंच करायची. घाईनं गिळलं की पट्टी बंद, परत किसलेलं. तीन वर्षं पूर्ण झाल्यावर आगपेटीच्या काडीएवढे बारीक लांबट काप. अंगणवाडीच्या ताईंना पण जाऊन सांगून आले, त्यांनी ऐकलं.

एक नियम मात्र कधीच मोडला नाही, खायचं तर खाली बसून. पळताना नाही, हसवताना नाही, गाडीवर नाही, एसटीत नाही. एकदा औशाला जाताना शेजारच्या बाईंनी प्रेमानं सफरचंदाची फोड तिच्या हातात दिली, मी घेऊन पर्समध्ये ठेवली, त्यांना वाईट वाटलं, ते मला दिसलं, तरी ठेवलीच. घरी गेल्यावर किसून दिली.

यंदाच्या येळवशीला (वेळ अमावस्येला) ती ४ वर्षं आणि एक महिन्याची होती. शेतात कडब्याच्या कोपीपुढं (खोपीपुढं) पूजा झाली, भज्जी आंबील झाली, आणि ह्यांनी वाफ्यातून गाजर उपटून धुऊन आणलं. चिनू पोत्यावर मांडी घालून बसली. पहिला घास तिनं इतका वेळ चावला की आत्या म्हणल्या, "गिळ की आता." तिनं मान हलवून नाही म्हणलं आणि आणखी चावला. मी शेजारीच बसले होते, अख्खं गाजर संपेपर्यंत उठले नाही.