पाऊणपटीचा हिशेब

श्रावण शुद्ध चतुर्दशी

उद्या नारळी पौर्णिमा. कोळीवाड्यांत होड्यांना पताका लागल्या, नारळीभातासाठी नारळ खवून झाले. या सणातून मुलांच्या हाती एकच गोष्ट द्यायची म्हटलं, तर आम्ही भरतीचा हिशेब देऊ. दर्याची पूजा करायची आणि दर्याची वेळ ठाऊक नाही, हे आम्हाला पटत नाही.

रीत सोपी आहे. तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता कोकणपट्टीवर पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. वद्य पक्षात मोजणी पुन्हा एकपासून. भरतीनंतर साधारण सहा तासांनी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. हा हिशेब अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो, कारण भरती रोज सरासरी 50 मिनिटं उशिरा येते आणि आपण 45 धरतो. खाडीच्या आत पाणी आणखी उशिरा चढतं. म्हणून होडी काढताना छापील भरतीचं कोष्टक बघायचंच. पाऊणपट मनात असावी ती कोष्टक हाताशी नसतानासाठी.

आता उद्याचंच घ्या. हिशेबाने सव्वाअकरा, त्यात मागेपुढे धरून भरती दुपारी बाराच्या आतबाहेर, म्हणजे सुकती सहाच्या सुमाराला. मिरवणूक चारला किनाऱ्यावर आली तर ओहोटीचं पाणी बाहेर ओढत असतं, नारळ दर्यात जातो. वाजतगाजत सात वाजवले तर भरती लागलेली असते आणि तोच नारळ लाटांबरोबर वाळूवर परत येतो. उधाणाच्या, म्हणजे मोठ्या भरतीच्या दिवसांतल्या, सुकतीला पाणी लांब हटतं, चिखल उघडा पडतो. लहान मुलांना तिथे पुढे सोडू नये.

पौर्णिमा-अमावस्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी, हे डोळीने बोंबील धरणाऱ्याला वेगळं शिकवावं लागत नाही. डोळ म्हणजे पिशवीसारखं जाळं, ते एका जागी बांधलेलं असतं. मासळी त्याच्या खोल्यात, म्हणजे शेवटच्या बंद टोकात, येते ती पाण्याच्या ओढीने. भांगाला ओढ मंदावते, म्हणून ते दिवस जाळी शिवण्याचे.

सणाचा दुसरा धडा थांबण्याचा. यांत्रिक होड्यांना 1 जून ते 31 जुलै मासेमारीची बंदी आहे, 61 दिवस. पौर्णिमा मात्र बहुतेकदा त्यानंतरच येते: 2024 साली 19 ऑगस्टला, 2025 साली 8 ऑगस्टला. कायदा 1 ऑगस्टला मोकळा करतो. नारळाआधी जाळं टाकायचं नाही ही जुनी रीत आणखी थांबवते. पावसाळ्यात बऱ्याच मासळीची वीण होते, पिल्लं वाढत असतात आणि दर्याही खवळलेला असतो. आमच्या मते हे जास्तीचे दिवस पाळायलाच हवेत. 2023 मध्ये पापलेटला राज्यमासा ठरवलं. त्याची हाताएवढीही न झालेली पिल्लं टोपलीत येत राहिली तर त्या मानाचा उपयोग काय?

राहिला सोन्याचा नारळ. तो चकचकीत प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळतात, ते बंद व्हावं. नारळ कुजेल, कागद तसाच राहील आणि फिरून कुणाच्या तरी जाळ्यात येईल. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेलं सुती फडकं घ्या, सुती दोऱ्यानेच बांधा. हार खऱ्या फुलांचा, तोही तार काढून. थर्माकोलची होडी मिरवा हवी तर, पण पाण्यात सोडू नका. नारळ सोडण्याआधी फडकंही उतरवून घेतलं तर सगळ्यात बरं.