सांगली ते ड्रेस्डेन : विद्यार्थिनी, प्राध्यापक आणि परीक्षा विभाग

युरोपीय संघाच्या इरॅस्मस प्लस या विद्यार्थी-कर्मचारी देवाणघेवाणीच्या योजनेतून आमच्या सांगलीच्या महाविद्यालयातील तिघांना जर्मनीतील ड्रेस्डेनला जाण्याची संधी मिळाली. भूगोलाची एक विद्यार्थिनी उन्हाळी सत्रासाठी मार्चअखेरीस गेली आणि मे महिन्यात मी व परीक्षा विभागाच्या अधीक्षक मॅडम अल्प मुदतीसाठी गेलो. ‘परीक्षा विभागाचे तिकडे काय काम?’ हा प्रश्न स्टाफरूममध्ये बराच चघळला गेला. माझे मत विचाराल तर त्यांची जागा सर्वांत सत्कारणी लागली, आणि पुढच्या तुकडीनेही एक प्राध्यापक कमी करून परीक्षा विभागातील एक व्यक्ती न्यावी.

या योजनेत विद्यार्थी किंवा शिक्षक परस्पर अर्ज करू शकत नाही. दोन संस्थांमध्ये करार असावा लागतो आणि नाव आपल्या संस्थेनेच कळवायचे असते. विद्यार्थ्याला अभ्यासासाठी दोन ते बारा महिने आणि कर्मचाऱ्यांना प्रवासाचे दिवस सोडून पाच दिवस ते दोन महिने जाता येते. शिक्षकाने आठवड्याला किमान ८ तास शिकवणे बंधनकारक आहे. अध्यापनाला प्रशिक्षणाची जोड दिल्यास ही अट ४ तासांवर येते. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना केवळ प्रशिक्षणासाठीही जाता येते, ही तरतूद आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नसते.

कागदपत्रांच्या बाबतीत आमच्या दोन वाटा होत्या. नव्वद दिवसांच्या आतील मुक्कामासाठी शेंगेन व्हिसा पुरतो. त्यासाठी किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा वैद्यकीय विमा लागतो आणि प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. विद्यार्थिनीचा मुक्काम त्याहून लांब असल्याने तिला मात्र जर्मनीचा राष्ट्रीय व्हिसा घ्यावा लागला. त्याला वेळ अधिक लागतो, म्हणून निवडीचे पत्र हाती पडताच भेटीची वेळ नोंदवावी. शिष्यवृत्तीच्या पत्रावर रक्कम आणि कालावधी दोन्ही स्पष्ट लिहिलेले असावेत, कारण दरमहा खर्चाची जर्मनीने ठरवलेली किमान रक्कम शिष्यवृत्तीपेक्षा जास्त असेल, तर फरकाची तजवीज दाखवावी लागते. शिकवणी शुल्क माफ असले तरी सत्राची वर्गणी भरावी लागू शकते. शिष्यवृत्तीचा पहिला हप्ताही अनेकदा तिकडे पोहोचून खाते उघडल्यावरच जमा होतो, त्यामुळे विमानाचे तिकीट आणि पहिल्या महिन्याचे घरभाडे यांची सोय घरूनच करून निघावे. तेथे राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची सरकारी नोंदणी करायची असते आणि तिला घरमालकाचे लेखी पत्र लागते. खोली ठरवतानाच ते मागून घ्यावे.

महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबई आणि तेथून विमान बदलून ड्रेस्डेन, या प्रवासात सांगण्याजोगे काही घडले नाही. रविवारी तेथे दुकाने बंद असतात, एवढे लक्षात ठेवून शनिवारीच पोहोचावे.

अध्यापनासाठी मी महापुराचा विषय निवडला होता. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे, आणि २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले, हे सांगताच वर्ग सावरून बसला. कारण ऑगस्ट २००२ मध्ये एल्ब नदीने त्यांच्याच शहरात ९.४० मीटरची पातळी गाठली होती. यजमान गावाशी नाते जुळेल असा आपल्या मातीतला विषय नेला, तर आठ तास अपुरे पडतात. पाठ्यपुस्तकातले धडे तेथील शिक्षक आपल्याहून वाईट शिकवत नाहीत.

खरे काम झाले ते तेथील परीक्षा कार्यालयात. युरोपात वर्षाला ६० श्रेयांक (क्रेडिट) असतात आणि एका श्रेयांकामागे विद्यार्थ्याचे २५ ते ३० तासांचे काम धरतात. आपल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षाला ४० श्रेयांक आणि १,२०० तास आहेत. मॅडमनी तेथल्या टेबलावरच हिशेब मांडला : वर्षाशी वर्ष जुळवले, तर त्यांचा सहा श्रेयांकांचा विषय आपल्या चार श्रेयांकांच्या पेपरच्या बरोबरीचा ठरतो. गुणांचा मामला याहून नाजूक आहे. जर्मनीत १.० सर्वोत्तम, ४.० म्हणजे जेमतेम उत्तीर्ण आणि ५.० म्हणजे नापास. दहापैकी गुणांक देण्याची सवय असलेल्या आपल्या लिपिकाच्या हाती १.३ असे गुणपत्रक पडले, तर हुशार मुलगी कागदोपत्री नापास व्हायची! म्हणून रूपांतराचे कोष्टक दोन्ही बाजूंच्या सहीने आधीच ठरवून घ्यावे आणि अभ्यास मंडळाची मंजुरी विद्यार्थी निघण्यापूर्वी मिळवावी.

विद्यार्थी, आपली संस्था आणि यजमान संस्था अशा तिघांच्या सह्यांच्या, तिकडे कोणते विषय घ्यायचे हे ठरवणाऱ्या अध्ययन करारात पर्यायी विषयही हेरून ठेवावेत. आमच्या विद्यार्थिनीचा एक विषय तेथे गेल्यावर वेळापत्रकात बसेना. पर्याय तयार असल्याने सुधारित करारावर सह्या लवकर झाल्या. सह्या लांबल्या तर बदललेला विषय इकडे मोजला जाईलच, याची शाश्वती नसते.

ज्यांच्या महाविद्यालयाचा असा करार नाही, त्या विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी जर्मन शैक्षणिक विनिमय सेवेच्या, म्हणजे डाडच्या, ‘वाइज’ या उन्हाळी इंटर्नशिपची पात्रता तपासावी. त्यासाठी जर्मन प्राध्यापकाचे निमंत्रण स्वतः मिळवावे लागते. पन्नास जणांना एकच मजकूर पाठवण्यापेक्षा मोजक्या प्राध्यापकांचे शोधनिबंध वाचून, त्यातील कोणत्या भागावर काम करायचे आहे हे नेमके लिहिलेले पत्र पाठवावे.

तेथील उन्हाळी सत्राचे वर्ग जुलैपर्यंत चालतात आणि गुणपत्रक त्यानंतर येते. तोवर आपल्याकडे पुढचे सत्र सुरू झालेले असते. त्यामुळे परतणाऱ्या विद्यार्थ्याला तात्पुरता प्रवेश द्यावा आणि त्याचा निकाल राखून ठेवल्याचे मानावे, असे लेखी पत्र प्राचार्यांच्या सहीने निघण्यापूर्वीच घ्यावे आणि त्याची एक प्रत परीक्षा विभागात आवक क्रमांकासह नोंदवून ठेवावी.