परसातली व्हॅनिला: शेंगा धरल्या, आणि त्या ज्याच्यामुळे धरल्या त्या एडमंडविषयी

गिरिपुष्पावर चढवलेल्या वेलीला यंदा पहिल्यांदाच घोस आले आणि निम्म्याहून जास्त फुलं धरली. पावसाळा सरल्यावर शेंडे खुडले होते, लांब फांद्या खाली वळवून मोकळ्या सोडल्या होत्या आणि थंडीत पाणी तोडलं होतं. बुंध्याशी नारळाची सोडणं आणि पालापाचोळा, बाकी काही नाही. फेब्रुवारीअखेर पानांच्या बेचक्यांत कळ्यांचे घोस दिसू लागले.

ज्यांची वेल पुढच्या वर्षी फुलेल त्यांच्यासाठी कृती नीट लिहिते. फूल सकाळी उमलतं आणि दुपारी मिटायला लागतं. त्याला तो एकच दिवस. पुढची नळीसारखी पाकळी काडीने उभी चिरायची. आत एक दांडा दिसतो. त्याच्या टोकाला टोपीखाली पराग, त्याखाली चिकट कुक्षी, म्हणजे पराग जिथे पोचायला हवा ती जागा, आणि दोघांच्या मध्ये एक इवलासा पडदा. फुलाचं स्वतःचं परागीभवन होत नाही ते या पडद्यामुळेच. काडीने पडदा वर उचलायचा आणि अंगठ्याने पराग कुक्षीवर दाबायचा. मी बांबूची तासलेली काडी वापरते, बाभळीचा काटाही चालतो. एका घोसातली आठ-दहाच फुलं धरायची, तीही शक्यतो एकाच बाजूची, म्हणजे शेंगा सरळ वाढतात. न धरलेलं फूल एक-दोन दिवसांत गळतं. धरलेलं वाळून शेंगेच्या टोकाला चिकटून राहतं.

आता एडमंडबद्दल. मी ही कृती जिथून शिकले त्या पुस्तिकेत काडीची लांबीसुद्धा दिली होती, पण ही युक्ती कुणाची हे कुठेच नव्हतं. ते मला फार लागलं.

व्हॅनिला मूळची मेक्सिकोकडची. 1820च्या सुमारास फ्रेंचांनी ती हिंदी महासागरातल्या बूर्बाँ बेटावर, म्हणजे आजच्या रियुनियनवर नेली. वेली माजल्या, फुलल्या, पण शेंग काही धरेना, कारण मेक्सिकोत परागीभवन करणाऱ्या मधमाश्या तिथे नव्हत्या. 1836 मध्ये बेल्जियममध्ये शार्ल मोरां या वनस्पतिशास्त्रज्ञाने हाताने शेंग धरवली होती. तरी मळ्यात भराभर वापरता येईल अशी रीत त्यातून निघाली नाही.

ती रीत काढली एडमंडने, 1841 मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी. याच बेटावरच्या सेंत-सुझान गावात गुलामगिरीत जन्मलेला हा कृष्णवर्णीय मुलगा. आई बाळंतपणातच गेली. मालक फेरेओल बेलिये-बोमाँ याला झाडांचा नाद होता. एडमंड त्याच्या मागे बागेत फिरायचा आणि कलिंगडाच्या फुलांचं परागीभवन हाताने कसं करायचं ते त्याच्याकडूनच शिकला होता. बरीच वर्षं वांझ राहिलेल्या वेलीवर एके दिवशी मालकाला शेंगा दिसल्या, तेव्हा एडमंड म्हणाला, त्या मी धरवल्या. मालकाला आधी खरं वाटलं नाही. मग एडमंडने फूल हातात घेऊन करून दाखवलं. शिकलेल्या गोष्टीचा नियम त्याने अगदी वेगळ्या बांधणीच्या फुलाला लावला, आतला पडदा ओळखला आणि तो बाजूला करायची सर्वांत सोपी वाट शोधली. याला मी संशोधनच म्हणते, योगायोग नव्हे.

त्याला मळ्यामळ्यांतून इतर गुलामांना शिकवायला पाठवण्यात आलं. बेटाचा व्हॅनिलाचा व्यापार उभा राहिला आणि शतक संपेपर्यंत रियुनियनने मेक्सिकोला मागे टाकलं. हीच रीत पुढे मादागास्करला गेली. एडमंडच्या हाती काय आलं? 1848 मध्ये गुलामगिरी संपली तेव्हा स्वातंत्र्य आणि आल्बियस हे आडनाव. मोबदला काहीच नाही. पुढे चोरीच्या आरोपावरून सक्तमजुरी झाली, ती मुदतीआधी माफ झाली. रिशार नावाच्या नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञाने युक्ती आपलीच असल्याचा दावाही केला. बेलिये-बोमाँने मात्र पत्र लिहून श्रेय एडमंडचंच असल्याचं ठामपणे सांगितलं. 1880 मध्ये एडमंड त्याच सेंत-सुझानमध्ये गरिबीत वारला. आता तिथे त्याचं स्मारक आहे.

शेजारची मुलं सकाळी मदतीला येतात. बारा वर्षांच्या मुलाने हे शोधलं म्हटल्यावर त्यांचा हात एकदम हलका आणि नेमका चालायला लागला. तुम्ही कुणाला फूल धरायला शिकवाल तेव्हा कृतीसोबत त्याचं नावही सांगा, एवढी मनापासून विनंती.

आजची स्थिती: शेंगांची लांबी दीड महिन्यातच पूर्ण झाली, आता नुसत्या पक्व होताहेत. पावसात बुरशीची धास्ती आहे, म्हणून वरच्या सावलीच्या फांद्या विरळ केल्या. टोक पिवळसर झालं की काढणी, साधारण नऊ महिन्यांनी. मग सुमारे 65 अंशांच्या पाण्यात तीन मिनिटं, लगेच घोंगडीत गुंडाळून पेटीत, नंतर काही दिवस रोज थोडं ऊन, आणि शेवटी सावलीत सावकाश वाळवण. किनाऱ्याच्या दमट हवेत हे वाळवण कुणी केलं असेल तर शेंगा रात्री कशात ठेवल्या ते कळवा.